तेजी, मंदी आणि हळदीचीं पेवें

व्यापारी हळद घेतो, कापूस घेतो, सोनें घेतो, ही गोष्ट सर्वांना समजते. परंतु मालाशीं कांहींएक कर्तव्य न ठेवतां, भाव चढो अथवा उतरो, तो जागचा किती हलेल एवढ्याच प्रश्नावर पैसा लावणारा व्यापारीहि आपल्या बाजारपेठांत फार पूर्वींपासून वावरत आलेला आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. १९५२ सालीं भारतीय संसदेनें वायद्याच्या व्यवहारांचें नियमन करणारा कायदा संमत केला, तेव्हां त्यांतील एका व्याख्येंत इंग्रजी शब्दांच्या शेजारीं 'तेजी', 'मंदी', 'तेजी-मंदी' आणि 'गली' हे देशी बाजारांतील शब्द जसेच्या तसे घालावे लागले. ज्या व्यवहारांना नांवें देण्यासाठीं कायदेपंडितांनाहि पेढीवरची भाषा उसनी घ्यावी लागली, ते व्यवहार परदेशांतून काल-परवां आलेले नव्हते, हें उघड आहे. आज शेअरबाजारांत बाजाराच्या चंचलतेचा निर्देशांक निघतो, त्या निर्देशांकाचे वायदे होतात, आणि परदेशांत तर त्या वायद्यांवर उभारलेल्या फंडांचे तुकडे कोणीहि गृहस्थ घरबसल्या विकत घेऊं शकतो. या नव्या खेळाचें मर्म जाणून घ्यावयाचें असेल, तर त्यासाठीं न्यूयॉर्क किंवा शिकागो गांठण्याची आवश्यकता नाहीं. कृष्णाकांठच्या हळदीच्या पेठेपासूनच आरंभ केलेला बरा.

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईवरून खालीं येते, कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेते आणि वाळव्याच्या बाजूनें सांगलीला पोहोंचते. या सर्व खोऱ्यांत हळद हें पूर्वापारचें नगदी पीक आहे. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी पिकाच्या व पेठेच्या दृष्टीनें हा मुलूख एकच आहे. सांगली हें पटवर्धनांच्या संस्थानाचें राजधानीचें शहर. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन येथें आले, आणि तेव्हांपासून या गांवाचें भाग्य उदयास आलें. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढील वर्षीं सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग आणि आसपासचे संस्थानी मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' नांवाचा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली जिल्हा हें नांव मिळालें. पिकविणारा साताऱ्याचा आणि विकणारी पेठ सांगलीची, असा हा जुना संबंध आहे. कऱ्हाडाजवळच्या पाल येथें पौषांतल्या यात्रेच्या दिवशीं खंडोबावर उधळला जाणारा भंडारा पाहिला म्हणजे या खोऱ्याच्या धर्माचरणांतहि हळद किती मुरलेली आहे, तें कळून येतें.

भावाच्या चंचलतेचें मूळ या पिकाच्या स्वभावांतच आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळदीची लावण होते आणि पीक हातीं यावयास आठ-नऊ महिने लागतात. काढलेले ओले कंद शिजवावे लागतात, उन्हांत वाळवावे लागतात, घासून चकाकी आणावी लागते. आणि इतकें सारें केल्यावर ओल्या मालाच्या सुमारें पंचमांश इतकीच वाळलेली हळद हातीं पडते. बेणें, खत, पाणी आणि मजुरी यांचा खर्च आधीं होतो. भाव काय मिळणार तें वर्ष उलटल्यावर समजतें. एखाद्या वर्षीं भाव चढला कीं पुढील हंगामांत जो तो हळदच लावतो. सर्वांचा माल एकाच वेळीं पेठेंत येतो आणि भाव कोसळतो. कोसळलेल्या भावाला कंटाळून लोक दुसऱ्या पिकाकडे वळतात, माल कमी पडतो, आणि भाव पुन्हां वर जातो. पाऊस, रोग आणि परदेशची मागणी यांची भर याहून निराळीच. अशा रीतीनें प्रत्येक शेतकरी आपापल्या परीनें शहाणपणानें वागत असतांहि सर्वांचें मिळून फलित मात्र चढउताराचें होतें.

सृष्टीनें या मालाला चंचल भाव दिला, तसा एक मोठा गुणहि दिला. नीट वाळलेलें हळकुंड पुष्कळ दिवस टिकतें. या गुणाचा लाभ सांगलीकरांनीं ज्या युक्तीनें घेतला, ती युक्ति म्हणजे पेव होय. सांगलीलगत कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथील चिकण, घट्ट मातींत वीस ते तीस फूट खोल खड्डे खणीत; तोंड माणूस उतरेल एवढेंच अरुंद, आणि आंत रांजणाच्या पोटासारखा विस्तार. तळाशीं व भोंवतीं पाला आणि गवत यांचें अस्तर देऊन हळद भरावयाची आणि तोंड मातीनें लिंपून बंद करावयाचें. आंत वारा नाहीं, ओल नाहीं, कीड नाहीं. अशा पेवांत हळद वर्षानुवर्षें राही आणि तिचा रंग उलट खुलतो, अशी पेठेची ख्याति होती. पेव उघडल्याबरोबर त्यांत कोणी उतरत नसे. आंत कोंडलेली दूषित हवा निघून जाण्यासाठीं तें कांहीं वेळ उघडें टाकावें लागे. सिमेंटचीं गोदामें आणि शीतगृहें येण्यापूर्वीं हीं पेवें म्हणजे या पेठेचा खजिनाच होता.

माल टिकतो, एवढ्या एकाच गोष्टीनें व्यापाराचें स्वरूप पालटतें. नाशवंत भाजी ज्या दिवशीं तोडली त्या दिवशीं विकावीच लागते. टिकाऊ हळद मात्र आज विकावयाची कीं सहा महिन्यांनीं, हा प्रश्न धन्यापुढें उभा राहतो, आणि जेथें हा प्रश्न उभा राहिला तेथें वायद्याचा बाजार भरण्यास विलंब लागत नाहीं. आजच्या भावांत पेवाचें भाडें, गुंतलेल्या रकमेचें व्याज आणि तूट मिळविली म्हणजे पुढील महिन्याचा भाव किती असावा याचा अंदाज येतो. पुढचा भाव याहून फार वर गेला, तर लोक आजच माल घेऊन पेवांत भरतील. फार खालीं गेला, तर पेवें उघडून माल बाहेर काढतील. म्हणजे पेव हें नुसतें कोठार नव्हे, तर आजच्या आणि उद्यांच्या भावांना एकमेकांशीं बांधून ठेवणारी ती दोरी होती. पेठ अशी वाढली कीं तिच्या मागोमाग सराफी आणि पतपेढ्या येतात. १९१६ सालीं स्थापन झालेली सांगली बँक ही अशाच व्यापारी वातावरणांत वाढलेली संस्था. ती २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली. पुढें हळदीच्या वायद्यांसाठीं सरकारी मान्यता लाभलेली 'स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज' ही संस्था सांगलींतच होती. उभ्या देशांत हळदीच्या वायद्याचें नांव निघालें कीं सांगलीचें नांव निघावें, असा तो काळ होता.

वायदा आणि तेजी-मंदी यांतील भेद येथें स्पष्ट केला पाहिजे. समजा, एका शेतकऱ्यानें तीन महिन्यांनंतर १० क्विंटल हळद क्विंटलला १०,००० रुपये दरानें देण्याचा वायदा केला. पुढें भाव ८,००० झाला तरी त्याला १०,००० मिळतात. भाव १३,००० झाला तरी १०,००० च मिळतात. त्याची हानि टळली, तसा वाढीव लाभहि गेला. वायद्यानें दोघेहि पक्ष सारखेच बांधले जातात. तेजींत तसें नाहीं. तेजी लावणारा कांहीं रक्कम आगाऊ देतो. तिला नजराणा म्हणतात. त्याच्या मोबदल्यांत ठराविक दरानें माल घेण्याचा हक्क त्याला मिळतो, पण माल घेतलाच पाहिजे असें बंधन त्याच्यावर नसतें. भाव चढला तर तो हक्क बजावतो. न चढला तर नजराण्यावर पाणी सोडतो. मंदी म्हणजे याच्या उलट, ठराविक दरानें माल विकण्याचा हक्क. आणि तेजी-मंदी म्हणजे दोन्ही हक्क एकदमच विकत घेणें.

या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावयास हवें. १०,००० च्या दरावर कोणी ८०० रुपये नजराणा देऊन तेजी-मंदी लावली, तर भाव १०,८०० च्या वर गेला तरी त्याला नफा, ९,२०० च्या खालीं गेला तरी नफा. भाव या दोन मर्यादांच्या आंत घोटाळत राहिला तरच त्याचें नुकसान, आणि भाव मुळींच हलला नाहीं तर सगळा नजराणा बुडाला. त्याला भाव महाग व्हावा असें वाटत नाहीं आणि स्वस्त व्हावा असेंहि वाटत नाहीं. त्याला भाव हलावा एवढेंच वाटतें. उलट ज्यानें नजराणा घेतला, बाजाराच्या भाषेंत ज्यानें ती तेजी-मंदी 'खाल्ली', त्याची सारी प्रार्थना बाजार शांत राहावा अशी असते. एकानें चंचलता विकत घेतली, दुसऱ्यानें विकली. हळदीच्या एका कांडीलाहि हात न लावतां हा सौदा पुरा झाला. पाश्चात्य बाजारांत याच व्यवहाराला मोठमोठीं शास्त्रीय नांवें आहेत आणि त्याचें गणितहि फार पुढें गेलेलें आहे. पण त्यांतील मूळ कल्पना आपल्या पेढीवरच्या मुनिमाला अनोळखी नव्हती.

या दोन्ही पक्षांचा धोका मात्र सारखा नाहीं, आणि इतिहासाचा धडा नेमका येथेंच आहे. लावणाऱ्याचें नुकसान नजराण्यापुरतें मर्यादित असतें. खाणाऱ्याला मिळणारा लाभ नजराण्याएवढाच असतो, पण त्याच्या नुकसानीला कोणतीच सीमा नसते. बहुतेक महिने बाजार शांत असतो, म्हणून खाणाऱ्याला बहुतेक महिने पैसा मिळतो, आणि त्या नियमित मिळकतीमुळें हा धंदा निर्धोक आहे अशी त्याची समजूत होते. मग एखादा दिवस असा उगवतो कीं अनेक वर्षांचा नजराणा एका प्रहरांत परत द्यावा लागतो.

अशा दिवसाची मुंबईला फार पूर्वींच ओळख झालेली आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि पश्चिम हिंदुस्थानांतील कापसाला अनपेक्षित भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धाडसी व्यापारी पुढें आले. नव्या बँका, नव्या मंडळ्या आणि समुद्र हटविण्याच्या योजना निघाल्या. बॅकबे रिक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरांत गेला. पुष्कळसे व्यवहार रोखीचे नव्हते. १८६५ च्या १ जुलैला हिशेब पुरे करावयाचे, अशा मुदतीचे ते वायदे होते. त्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हां एकमेकांचे देणेकरी असलेले सारेच व्यापारी एकदम देण्यास असमर्थ ठरले. बॅकबेचा तो शेअर २,००० च्याहि खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना मिळूं लागला, आणि ती बँकहि १८६८ सालीं गुंडाळावी लागली. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं एकट्या व्यापाऱ्याचा अंदाज चुकला म्हणून हें झालें नाहीं. प्रत्येकाचा धीर दुसऱ्याच्या वचनावर अवलंबून होता, आणि सर्वांचीं वचनें एकाच दिवशीं कसोटीला लागलीं.

तेव्हांपासून कायद्यापुढें एक अवघड प्रश्न उभा आहे: व्यापार कोठें संपतो आणि जुगार कोठें सुरू होतो? १८७२ च्या करारविषयक कायद्यानें पैजेचा करार निरर्थक ठरविला. परंतु वायदा करतांना दोन्ही पक्षांचा हेतु माल देण्या-घेण्याचा होता कीं केवळ भावांतील फरक चुकविण्याचा होता, हें मनांतलें गुपित न्यायालयानें शोधावयाचें कसें? तेजी-मंदीच्या बाबतींत तर ही अडचण दुणावते, कारण तिच्यांत माल न घेण्याची मोकळीकच विकत घेतलेली असते. मुंबई सरकारनें १९३९ सालीं कापसांतील अशा हक्कांच्या व्यवहारांना बंदी करणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धांत महागाई भडकली तेव्हां भारत-संरक्षण नियमांखालीं धान्य, साखर, तेलबिया आणि १९४४ सालीं मसाल्याचे पदार्थ यांच्या वायद्यांवर एकामागून एक बंदी आली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यानें दोन्ही प्रकार वेगळे केले: वायद्याचा व्यवहार मान्यता मिळालेल्या संस्थेंत, सरकारच्या देखरेखीखालीं चालूं शकेल, तेजी, मंदी आणि तेजी-मंदी मात्र पूर्णपणें निषिद्ध. या देखरेखीसाठीं १९५३ सालीं वायदेबाजार आयोग नेमला गेला.

ही विभागणी करणाऱ्यांची दृष्टि समजण्यासारखी आहे. वायद्यानें शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला भावाची हमी मिळते, म्हणून तो उपयुक्त. तेजी-मंदींत अल्प रकमेवर मोठा खेळ मांडतां येतो, म्हणून ती घातुक. पण या न्यायांत एक उणीव राहून गेली. शेतकऱ्याच्या हिताचा विचार केला तर वायद्यापेक्षां मंदीचा हक्कच त्याला अधिक सोईचा आहे. पीक बुडालें तर वायद्याचा माल तो कोठून देणार? उलट मंदी लावलेली असेल तर भाव पडल्यास किमान दर हमखास, आणि भाव चढल्यास चढलेला लाभहि त्याचाच. नजराणा ही केवळ विम्याची वर्गणी ठरते. जें शस्त्र सट्टेवाल्याच्या हातांत घातक, तेंच कुणब्याच्या हातांत ढाल होऊं शकलें असतें. परंतु सट्टेवाल्याच्या भीतीनें तें दोघांच्याहि हातून काढून घेतलें गेलें, आणि सहा दशकांहून अधिक काळ तें तसेंच कुलपांत राहिलें.

२००३ सालीं केंद्र सरकारनें वायद्यांवरील बंधनें मोठ्या प्रमाणांत उठविलीं आणि सर्व देशभर यंत्राद्वारें चालणारे नवे बाजार सुरू झाले. हळदीचा वायदा 'एनसीडीईएक्स' या बाजारांत आला, आणि त्याचें मुख्य केंद्र तेलंगणांतील निजामाबाद झालें. सांगलीसारख्या ठिकाणच्या स्थानिक संस्था त्यापुढें निष्प्रभ झाल्या. पूर्वीं पेठेंतला अडत्या समोरच्या माणसाचें तोंड पाहून सौदा करी. आतां ज्यानें हळदीचें शेत कधीं पाहिलेलें नाहीं असा दूरचा गृहस्थहि पडद्यावरचे आंकडे पाहून हळद घेऊं आणि विकूं लागला. २०१० सालीं हळदीचा भाव क्विंटलला १५,००० च्या पुढें गेला आणि २०१२ च्या आरंभीं तो ४,००० च्या आसपास उतरला. ज्यांनीं चढत्या भावाकडे पाहून लावण वाढविली, त्यांचा माल पेठेंत येईपर्यंत खर्चहि निघेनासा झाला होता. या घसरगुंडीला नवा बाजार कारण झाला कीं पिकाचा तोच जुना फेरा, याबद्दल वाद आहे. एवढें मात्र निश्चित कीं वायद्याचा बाजार डोळ्यांपुढें असूनहि बहुसंख्य शेतकऱ्यांना त्याचा आधार घेतां आला नाहीं. ठेवीची रक्कम, ठराविक प्रतीचा माल आणि रोजचा हिशेब या अटी लहान खातेदाराच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

इकडे पश्चिमेंत चंचलतेचा व्यापार निराळ्याच उंचीवर पोंचला होता. १९७३ सालीं शिकागो येथें शेअरांच्या तेजी-मंदीचा संघटित बाजार उघडला, आणि त्याच वर्षीं ब्लॅक व शोल्स या विद्वानांनीं नजराणा किती असावा याचें गणित प्रसिद्ध केलें. त्या गणितांत इतर सारीं अंगें ठाऊक असतात. अज्ञात असते ती एकच गोष्ट, भाव पुढें किती हलेल. म्हणून नजराण्यावरून उलट हिशेब केला तर बाजाराला पुढें किती चंचलता अपेक्षित आहे तें काढतां येतें. १९९३ सालीं अशा हिशेबाचा निर्देशांक शिकागोच्या बाजारानें सुरू केला. लोक त्याला भीतीचा मापक म्हणतात. २००४ पासून त्या निर्देशांकाचे वायदे होऊं लागले, आणि २००९ सालीं त्या वायद्यांवर आधारलेले रोखे शेअरांप्रमाणें बाजारांत विकले जाऊं लागले.

हरिपूरच्या पेवांची आठवण येथें फार उपयोगी पडते. हळदीचा पुढील महिन्याचा भाव आजच्याहून चढा असतो, त्याला पेवाचें भाडें आणि व्याज हें कारण आहे. चंचलतेच्या वायद्याचा पुढील भावहि शांत काळांत बहुधा चढाच असतो, पण त्याला असें कांहींच कारण नाहीं, कारण चंचलता कोणत्याहि पेवांत भरून ठेवतां येत नाहीं. आज स्वस्त आहे म्हणून भीति विकत घेऊन तीन वर्षांनीं उघडावी, अशी सोय नाहीं. तो चढा भाव म्हणजे निव्वळ विम्याची वर्गणी होय. म्हणून असा रोखा घेऊन स्वस्थ बसणाऱ्याचा पैसा महिन्यामागून महिना झिजत जातो: मुदत संपत आलेला वायदा स्वस्तांत विकावयाचा आणि पुढचा महाग घ्यावयाचा, हें चक्र त्याच्या रोख्याला लागलेलेंच असतें. साहजिकच कित्येकांनीं उलट बाजू पत्करली. म्हणजे त्यांनीं तेजी-मंदी खाल्ली. बाजार कित्येक वर्षें शांत राहिला आणि त्यांना मुबलक लाभ झाला. मग २०१८ च्या ५ फेब्रुवारीला तो निर्देशांक एका दिवसांत दुपटीहून अधिक चढला, आणि शांततेवर पैसा लावणाऱ्या एका प्रसिद्ध रोख्याची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत नाहींशी झाली. १८६५ च्या मुंबईकराला यांत नवें कांहींच वाटलें नसतें.

भारतांत शेअरांच्या निर्देशांकावरील तेजी-मंदीचे व्यवहार २००१ सालीं सुरू झाले. राष्ट्रीय शेअरबाजारानें २००८ सालीं चंचलतेचा भारतीय निर्देशांक काढला. २०२० च्या मार्चमध्यें महामारीच्या भीतीनें तो ऐंशीच्या वर गेला होता. या निर्देशांकाचे वायदे २०१४ सालीं सुरू करण्यांत आले, परंतु त्यांना गिऱ्हाईक फारसें लाभलें नाहीं. शेअरांच्या तेजी-मंदीला मात्र उदंड गिऱ्हाईक लाभलें. सेबीनें २०२४ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मागील तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचें आणि एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटि रुपयांहून अधिक असल्याचें आढळलें. मालाच्या बाजारांतहि जुनें कुलूप उघडलें आहे. २०१५ सालीं वायदेबाजार आयोग सेबींत विलीन झाला, १९५२ चा कायदा रद्द झाला, आणि २०१७ सालीं सोन्यापासून आरंभ होऊन मालावरील तेजी-मंदीला पुन्हां वाट मिळाली.

हरिपूरच्या पेवांना मात्र पुन्हां दिवस आले नाहींत. २००५ च्या पावसाळ्यांत कृष्णेला महापूर आला, पाणी पेवांत शिरलें आणि आंतील हळदीचा नाश झाला. त्या आघातानंतर व्यापाऱ्यांनीं गोदामें आणि शीतगृहें यांचाच आश्रय घेतला. पेठ स्वतः मात्र जिवंत आहे. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली, आणि हंगामांत मार्केट यार्डावर हळदीचे सौदे आजहि मोठ्या प्रमाणांत होतात.

या शे-दीडशें वर्षांच्या वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बंदीच्या काळींहि हळदीचा भाव चढत-उतरतच होता, आणि मोकळीक मिळाल्यावरहि तो स्थिर झाला नाहीं. चढउतार पावसांतून, लावणींतून आणि माणसाच्या आशा-निराशेंतून उपजतो. बाजार त्याची केवळ वांटणी करतो. ही वांटणी कोणाच्या पदरीं पडते, हाच खरा प्रश्न आहे. तेजी-मंदीचा हक्क ज्याला विम्यासारखा हवा, तो कऱ्हाड-वाळव्याचा शेतकरी अजून बहुतांशीं त्याच्या बाहेरच आहे. आणि ज्याच्या घरीं हळदीचें एक वाफाहि नाहीं, असा शहरी गृहस्थ त्यांत करमणुकीसाठीं पैसा गमावीत आहे. गांवोगांवच्या शेतकरी उत्पादक मंडळ्यांनीं सभासदांचा माल एकत्र करून त्यांच्या वतीनें मंदीचा हक्क घेण्याची रीत पाडली, तर हा उलटा क्रम सुधारण्यास आरंभ होईल. तोंवर शहरांतील सुज्ञ कुटुंबानें नजराण्याच्या मोहांत पडण्यापूर्वीं एवढें विचारून पाहावें कीं आपण विमा घेत आहों, विमा देत आहों, कीं या दोहोंपैकीं कांहींच नसून केवळ पैज मारीत आहों. उत्तर तिसरें असेल, तर ९३ टक्क्यांचा तो आंकडा आपल्याचसाठीं छापलेला आहे असें समजावें.